घरचा संगणक बदलावा की आहे तोच सांभाळावा?

प्रश्न : मी घरून लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढते. यजमान कीर्तने करतात आणि त्यांच्या कीर्तनांचे मोबाइलवर केलेले चित्रीकरण कापून-जोडून यूट्यूबवर चढवण्याचे कामही माझ्याकडेच असते. आमचा डेस्कटॉप २०१७ मध्ये घेतलेला आहे : इंटेल आय५-७४०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क आणि विंडोज १०. चित्रांसाठी मी क्रिता वापरते आणि व्हिडिओसाठी शॉटकट. संगणक सुरू व्हायला फार वेळ घेतो, मोठ्या चित्रावर ब्रश हाताच्या मागे राहतो, फोर-केमधले कीर्तन टाइमलाइनवर अडखळते, लांब व्हिडिओत शेवटी शेवटी आवाज आणि ओठ जुळत नाहीत, शिवाय छापून आलेली चित्रे पडद्यावर दिसली होती त्यापेक्षा मळकट वाटतात. दुकानदाराने आय७ प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड असलेल्या नव्या संगणकाचे १,१५,००० रुपयांचे कोटेशन दिले आहे. एवढा खर्च करावा, की जुन्यातच रॅम वगैरे वाढवून भागेल? – एक वाचक, सांगली

उत्तर : नवा संगणक घ्यावा असेच माझे मत आहे, परंतु कोटेशनमधला नव्हे, आणि तुमच्या पाच तक्रारींपैकी दोन तक्रारी कोणताही नवा संगणक घेतला तरी तशाच राहतील, हे आधी सांगणे मला गरजेचे वाटते. त्या दोन तक्रारींपासूनच सुरुवात करू, कारण त्यांच्यावरचा उपाय जवळजवळ फुकट आहे.

आवाज आणि ओठ न जुळण्याचे कारण बहुतेक वेळा संगणकाचा संथपणा हे नसते. मोबाइलचा कॅमेरा सेकंदाला ३० चित्रचौकटी टिपतो असे आपण धरून चालतो, पण मंडपातला उजेड कमी झाला किंवा फोन तापला की तो कधी कमी तर कधी जास्त चौकटी टिपतो, आणि संपादनाचे सॉफ्टवेअर मात्र सर्व चौकटी समान अंतरावर आहेत असे गृहीत धरते. सुरुवातीला जाणवणार नाही इतका फरक तासाभराच्या कीर्तनात साठत साठत शेवटी उघडा पडतो. अशी फाइल आणली की शॉटकट ती संपादनाला सोयीच्या रूपात बदलून घेण्याविषयी आपण होऊन विचारतो. घाईत आपण ती सूचना बंद करतो. यापुढे तिला होकार द्या, किंवा हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेट (सेकंदाला चौकटींची संख्या) ‘कॉन्स्टंट’, म्हणजे कायम सारखा, निवडून फाइल आधी बदलून घ्या आणि मगच टाइमलाइनवर ठेवा.

छपाईतल्या मळकटपणाचेही तसेच आहे. पडदा लाल, हिरवा आणि निळा प्रकाश फेकून रंग दाखवतो, तर छापखाना निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शाया कागदावर बसवतो, आणि पडद्यावरचे काही झगझगीत हिरवे-निळे रंग या शायांच्या आवाक्यातच नसतात. त्यात मॉनिटरची उजळता बहुधा दुकानातून आली तशी पूर्ण चढवलेली असते, त्यामुळे आपण चित्र गरजेपेक्षा गडद रंगवतो. उजळता खाली आणा, खोलीत दिवसाउजेडी आणि रात्री साधारण सारखाच प्रकाश राहील असे पाहा, आणि प्रकाशकाकडून छापखान्याचे कलर प्रोफाइल (तिथे रंग कसे उमटतात याची माहिती देणारी फाइल) मागवून क्रितामधल्या सॉफ्ट प्रूफिंगच्या सोयीने चित्र छापल्यावर कसे दिसेल ते काम चालू असतानाच तपासत जा. तुमचा मॉनिटरही २०१७ चाच आणि स्वस्तातला टीएन पॅनेलचा (जुन्या, स्वस्त प्रकारच्या पडद्याचा) असेल, तर मान थोडी हलवली तरी रंग बदलताना दिसतील. तसे असेल तर आयपीएस पॅनेलचा (बाजूने पाहिले तरी रंग टिकवणारा), एसआरजीबी हा पडद्यांसाठीचा प्रमाण रंगपट्टा पूर्ण दाखवणारा मॉनिटर ही तुमच्या खरेदीतली सर्वांत पहिली वस्तू असावी. चित्रकाराच्या घरात प्रोसेसरवर पैसे ओतले जातात आणि पडदा जुनाच राहतो, हे मला नेहमी उलटे वाटत आले आहे.

आता उरलेल्या तीन तक्रारी. नवा संगणक घ्यावा की नाही हे ठरवताना मी एकच गोष्ट विचारतो : काम करणाऱ्याचा हात कुठे अडतो? व्हिडिओ एक्स्पोर्ट व्हायला दोन तास लागत असतील, पण ते काम रात्री लावून तुम्ही झोपायला जात असाल, तर ते दोन तास वाचवण्यासाठी खर्च करण्यात अर्थ नाही. उलट ब्रश ओढल्यावर रेघ क्षणभराने उमटत असेल, तर तो क्षण दिवसातून शेकडो वेळा येतो, चित्र काढण्याची लय मोडतो, आणि तो काढून टाकण्यासाठी केलेला खर्च सार्थकी लागतो.

हात का अडतो हे पाहण्यासाठी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, त्यातला परफॉर्मन्स हा भाग निवडा, आणि तो पडद्याच्या कोपऱ्यात ठेवून नेहमीसारखे काम करा. मोठे चित्र उघडल्यावर मेमरीचा आकडा ९० टक्क्यांच्या वर जात असेल आणि त्याच वेळी डिस्क १०० टक्क्यांवर अडकून बसत असेल, तर दोष प्रोसेसरचा नाही. तुमच्या बाबतीत असेच घडत असणार, असे हिशेबावरून दिसते. पुस्तकाचे समोरासमोरचे जोडपान ए३ आकाराचे आणि ३०० डीपीआयचे धरले, तर ते सुमारे ४,९६१ गुणिले ३,५०८, म्हणजे १ कोटी ७४ लाख पिक्सेलचे होते. आठ बिटांच्या रंगात प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट लागतात, म्हणजे पूर्ण रंगवलेला एक लेयर (चित्रातला एक थर) ७० एमबीच्या आसपास जातो. असे ४० लेयर झाले की पावणेतीन जीबी, आणि सोळा बिटांत काम केले तर त्याच्या दुप्पट. शिवाय मागे जाण्यासाठी साठवलेल्या पायऱ्या वेगळ्या, विंडोज वेगळे, ब्राउझरमध्ये उघडी ठेवलेली संदर्भचित्रे वेगळी. ८ जीबी संपली की संगणक उरलेला मजकूर हार्ड डिस्कवर मांडू लागतो, आणि फिरणारी हार्ड डिस्क सलग वाचतानासुद्धा सेकंदाला १०० ते २०० एमबीपलीकडे फारशी जात नाही. विखुरलेले तुकडे उचलताना तर ती याच्या कित्येक पट संथ होते. संगणक सुरू होण्यातली दिरंगाई याच डिस्कमुळे आहे.

तुम्ही फक्त चित्रे काढत असता आणि विंडोजचा प्रश्न नसता, तर माझे उत्तर निराळे असते. जुन्याच कॅबिनेटमध्ये अडीच इंची साटा एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) आणि ८ जीबीची आणखी एक रॅमची पट्टी बसवा, विंडोज नव्याने टाका आणि वर्षभर निर्धास्त राहा, असे मी लिहिले असते. साटा एसएसडी सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास वाचते, आणि तुमच्या वयाच्या संगणकात हार्ड डिस्क काढून ती बसवल्यावर जो फरक पडतो तो दुसऱ्या कुठल्याच सुट्या भागाने पडत नाही. मात्र व्हिडिओ आणि विंडोज या दोन गोष्टी मध्ये येतात.

फोर-केच्या एका चौकटीत ८३ लाखांच्या आसपास पिक्सेल असतात, म्हणजे फुल एचडीच्या चौपट. त्यातही मोबाइल बहुधा एच.२६५ पद्धतीने फाइल आवळून ठेवतो, आणि या पद्धतीत प्रत्येक चौकट स्वतंत्र नसते. बहुतेक चौकटी मागच्या-पुढच्या चौकटींच्या आधाराने पुन्हा उभ्या कराव्या लागतात. म्हणून टाइमलाइनवर मधेच उडी मारली की प्रोसेसरला कितीतरी चौकटी उलगडत यावे लागते. आय५-७४०० मध्ये ४ कोअर (प्रोसेसरमधली काम करणारी केंद्रे) आणि ४ थ्रेड (एका वेळी चालणारी कामे) आहेत. आज मध्यम दर्जाच्या समजल्या जाणाऱ्या आय५-१२४०० मध्ये ६ कोअर व १२ थ्रेड, तर आय५-१४४०० मध्ये १० कोअर व १६ थ्रेड मिळतात. अडखळणे टाळायला शॉटकटमधली प्रॉक्सी ही सोय तुम्ही आजच सुरू करू शकता : मूळ व्हिडिओची हलकी प्रत तयार होते, काटछाट त्या प्रतीवर होते आणि अंतिम फाइल मूळ चित्रीकरणातूनच बनते. दोन-तीन महिन्यांतून एखादे कीर्तन असेल तर एवढ्यावर भागेल. दर आठवड्याला एक असेल तर त्या प्रती बनवण्यातच संगणक अडकून राहील.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेल्या वाढीव सुरक्षा योजनेची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत होती. विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते; सातव्या पिढीतले मोजके अपवाद सोडले तर ती पिढी यादीत नाही आणि तुमचा सातव्या पिढीचा आय५-७४०० त्या अपवादांत येत नाही. याच मदरबोर्डवर आठव्या पिढीचा प्रोसेसर बसवू, असे कोणी सुचवले तर ऐकू नका. सॉकेटचे (प्रोसेसर बसवण्याच्या खाचेचे) नाव सारखेच असले तरी आठव्या पिढीला मदरबोर्डवर ३०० मालिकेचा चिपसेट लागतो, त्यामुळे तो तुमच्या बोर्डवर चालणार नाही. अटी चुकवून विंडोज ११ टाकण्याच्या युक्त्या आहेत, पण अशा संगणकाला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि प्रकाशकाला ठरल्या तारखेला चित्रे देणाऱ्या व्यक्तीने हा धोका घरात आणू नये.

म्हणून नवा संगणक घ्या. मात्र कोटेशनमधले ग्राफिक्स कार्ड काढून टाकायला सांगा. क्रिता ग्राफिक्सचा उपयोग मुख्यतः कॅनव्हास पडद्यावर दाखवण्यासाठी करतो, आणि शॉटकटमधली बहुतेक कामे प्रोसेसरच करतो. तुम्ही ब्लेंडरमध्ये त्रिमिती दृश्ये रेंडर करत असता किंवा डाविंची रिझॉल्व्हमध्ये रंगसंस्कार करत असता, तर हेच कार्ड मी सर्वांत आधी घ्यायला सांगितले असते. तुमच्या कामात ते नुसते तापत राहील. त्याऐवजी अंगचे ग्राफिक्स असलेला आय५ घ्या. इंटेलच्या या प्रोसेसरांतली क्विक सिंक ही सोय एच.२६५ चे काम हलके करते आणि शॉटकटच्या एक्स्पोर्टमध्ये हार्डवेअर एन्कोडरचा पर्याय निवडून ती वापरता येते. येथे एक अक्षर जपून वाचा : क्रमांकाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरांत हे ग्राफिक्स नसते. ते थोडे स्वस्त पडतात म्हणून कोटेशनमध्ये सहज शिरतात.

रॅम ३२ जीबी मिळाली तर उत्तम. परंतु २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव बरेच चढले आहेत, त्यामुळे खर्च डोईजड होत असेल तर १६ जीबी घ्या आणि बोर्डवर मोकळे स्लॉट राहतील असे पाहा, म्हणजे पुढे भर घालता येईल. डिस्क १ टीबीची एनव्हीएमई, म्हणजे साटाहून वेगवान प्रकारची एसएसडी, असावी. बाराव्या ते चौदाव्या पिढीसाठी डीडीआर४ आणि डीडीआर५ या जुन्या-नव्या रॅमचे असे दोन्ही प्रकारचे मदरबोर्ड मिळतात. तुमच्या कामात या दोहोंतला फरक हाताला जाणवेल असे मला वाटत नाही, तेव्हा त्या दिवशी एकूण जे स्वस्त पडेल ते निवडा. वाचलेल्या रकमेतून मॉनिटर, यूपीएस आणि बॅकअपसाठी एक बाहेरची डिस्क या तीन वस्तू बिलात असल्याच पाहिजेत. पावसाळ्यात वीज एका मिनिटात तीनदा जाते तेव्हा क्रिताची उघडी फाइल वाचवायला यूपीएसची पाच-दहा मिनिटे पुरतात. तुमची आठ वर्षांहून जुनी हार्ड डिस्क नव्या संगणकात लावून तिच्यावर विसंबू नका; तिच्यावरची चित्रे आजच दुसरीकडे उतरवून घ्या, मग संगणकाचा निर्णय महिनाभर लांबला तरी हरकत नाही.

शेवटी एक चौकशी. पत्रात तुम्ही लिहिलेले नाही, पण पुस्तकांच्या मांडणीसाठी श्रीलिपीसारखे जुने मराठी सॉफ्टवेअर किंवा कोरलड्रॉची जुनी आवृत्ती घरात असेल, तर तिचा परवाना नव्या संगणकावर नेता येतो का आणि ती विंडोज ११ वर चालते का, हे पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याकडून लेखी विचारून घ्या. विंडोज ११ ची ३२ बिटांची आवृत्तीच निघालेली नाही, त्यामुळे फार जुनी सॉफ्टवेअर अडून बसतात. तसे झाले तर जुना संगणक इंटरनेटपासून तोडून फक्त त्या एका कामासाठी कोपऱ्यात ठेवता येईल.

प्रश्न : कार्यालयांतून परत आलेले ब्रँडेड डेस्कटॉप नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. मुलगी उपयोजित कलेच्या पहिल्या वर्षाला आहे. तिच्या फोटोशॉप व इलस्ट्रेटरच्या कामासाठी असा संगणक घेणे शहाणपणाचे ठरेल का? – एक पालक, नाशिक

उत्तर : ठरेल, मात्र पिढी पाहून घ्या. आय५-८५०० किंवा त्यापुढचा प्रोसेसर असलेलाच घ्या. त्यात ६ कोअर आहेत आणि तो विंडोज ११ च्या यादीत बसतो. सहाव्या-सातव्या पिढीचे संगणक आज फार स्वस्त दिसतात, त्याचे कारण वरच्या उत्तरात आले आहे. फोटोशॉपसाठी अॅडोबी १६ जीबी रॅमची शिफारस करते, तेव्हा ८ जीबीवर असलेला संगणक पाहत असाल तर रॅम वाढवण्याचा खर्च किमतीत धरूनच तुलना करा. या संगणकांचे कॅबिनेट बहुधा अरुंद असते आणि वीजपुरवठ्याचा डबा कंपनीच्या खास मापाचा, म्हणून पुढे मोठे ग्राफिक्स कार्ड बसवण्याची आशा ठेवू नका. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या किंवा नाशिकच्याच दुकानात घ्या, दुकानात उभे राहूनच क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्क तपासणारे सॉफ्टवेअर चालवून डिस्क किती तास वापरली गेली आहे ते पाहा, विंडोज सक्रिय असल्याची खात्री करा, आणि जीएसटीचे बिल व त्यावर वॉरंटीची मुदत लिहून घ्या. बिलाशिवाय मिळणारी सूट सोडून द्या.

प्रश्न : मी संवादिनी वाजवतो आणि शिष्यांच्या गायनाचे घरीच ध्वनिमुद्रण करतो. माझ्याकडे आय५-९४०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला डेस्कटॉप आहे. ‘संगीतासाठी मॅकच हवा’ असे मित्र सांगतात. मॅक मिनी घ्यावा का? – एक वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : या कामासाठी नको. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटांच्या दोन वाहिन्यांच्या ध्वनिमुद्रणाला मिनिटाला फक्त १७ एमबी लागतात. गायक, संवादिनी, तबला आणि तानपुरा हे सारे वेगवेगळ्या ट्रॅकवर घेतले तरी तुमच्या संगणकाला ते जड नाही. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येत असेल, तर ऑडिओ इंटरफेसचा (माइक संगणकाला जोडणाऱ्या पेटीचा) स्वतःचा आसिओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिराने पोचवणारे सॉफ्टवेअर) वापरून बफर, म्हणजे पुढे पाठवण्यापूर्वी साठवला जाणारा आवाजाचा तुकडा, १२८ सॅम्पलवर आणा. या आकड्याला बफरमुळे होणारा उशीर ३ मिलिसेकंदांहूनही कमी असतो. त्यात तडतड ऐकू आली तर आकडा २५६ करा. ज्यांना गाताना मिक्स केलेला आवाज ऐकायचा नसेल त्यांनी इंटरफेसवरचे डायरेक्ट मॉनिटरिंगचे बटण दाबावे, म्हणजे संगणकाचा वेग या प्रश्नातून पूर्णपणे बाजूला होतो.

मित्रांचे म्हणणे अगदीच निराधार आहे असे नाही. २०२४ च्या अखेरीस आलेला एम४ मॅक मिनी भारतात ५९,९०० रुपयांना बाजारात आला, त्यात १६ जीबी मेमरी होती, गॅरेजबँड हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर मोफत मिळते आणि तो जवळजवळ आवाज करत नाही. गायनाच्या खोलीत हा शेवटचा गुण मोलाचा आहे, कारण मंद्र सप्तकातल्या षड्जाखाली पंख्याची घरघर ऐकू येते आणि ती नंतर काढायला गेले की तानपुऱ्याचा जवारीदार आवाजही मरतो. मात्र घरघर हीच अडचण असेल, तर संगणक लांब वायरीने दाराबाहेर ठेवून किंवा त्याचा पंखा साफ करून आणि बदलून ती सुटते. मॅक मिनीच्या किमतीत मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस धरलेले नसतात. त्याची मेमरी नंतर वाढवता येत नाही, आणि २५६ जीबीच्या साठ्यात वर्षभराची मुद्रणे मावणार नाहीत, म्हणून बाहेरची एसएसडी लगेच घ्यावी लागते.

तुमच्याकडे असलेली रक्कम मी एक चांगला कंडेन्सर माइक, त्याचे स्टँड आणि खोलीतल्या उघड्या भिंतींवर जाड पडदे यांवर खर्च केली असती. संवादिनीच्या भात्याचा आवाज माइकच्या जागेवर अवलंबून असतो. माइक भात्याच्या बाजूला न ठेवता सुरपट्टीच्या वर, हातभर अंतरावर धरून एकच बंदिश तीन-चार जागांवरून मुद्रित करून पाहा, आणि त्यातली जी ऐकायला बरी वाटेल ती जागा फरशीवर चिकटपट्टीने खूण करून ठेवा.